चुनीलालभाऊंची काडेपेटी

२० जानेवारी
हवामान कक्षात रुजू. जिल्ह्याचा कार्बन मोजायचा, मग कमी करायचा. मोजणं अवघड दिसतं. कमी करण्यापासून सुरुवात करतो.

३ फेब्रुवारी, ब्राह्मणपुरी
सभा. कापसाची वेचणी संपली की इथे पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली झाडं, उपटून शेतातच जाळतात. आता बंद. बारीक कुट्टी करणारं मशीन महिनाअखेर देतो, असं सांगितलं. सगळ्यांनी शपथ घेतली. प्रत्येकाची काडेपेटी जमा केली. कल्पना माझी. फोटो मुंबई कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले.
चुनीलालभाऊ म्हणाले, ढीग पडून राहिला तर त्यात बोंडअळी राहते. म्हटलं, मशीन येतंय ना. त्यांच्या पत्नी तापीबाईंनी विचारलं, चुल्हाना धूर सरकारले चालस का? बायका हसल्या. तो रकाना दुसऱ्या विभागाकडे आहे, हे समजावलं.

२८ फेब्रुवारी
मशीन निविदेत. उपग्रहाच्या नकाशावर ब्राह्मणपुरीत आगीचा एकही ठिपका नाही.

१४ एप्रिल
बाकीच्यांनी पऱ्हाटी वीटभट्टीला दिली. भट्टी उद्योग विभागात येते, म्हणजे आपल्याकडे शून्यच. चुनीलालभाऊ मात्र शपथेवर थांबलेत. फोनवर एवढंच : तुमनं मशीन कोठे शे? आदर्श शेतकरी म्हणून त्यांचं नाव पाठवतो.

२ जून
मशीन आलं! ट्रॅक्टरला जोडणी बसेना. परत गेलं. जाण्यायेण्याचं डिझेल धरायचं नाही, असं ठरवलं.

१८ जुलै
चुनीलालभाऊंच्या ढिगाला लागूनच नवा कापूस. हिरवागार. हवेतला कार्बन शोषतोय. हे श्रेय कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

९ सप्टेंबर
चुनीलालभाऊंच्या शेतात फुलं उमलत नाहीत. त्यांनी एक कळी माझ्या तळहातावर फोडली. आत गुलाबी अळी. सापळे लावा म्हटलं. खरं तर हा विषय कृषी विभागाचा.
हात दोनदा धुतले.

२७ ऑक्टोबर
चुनीलालभाऊ कार्यालयात आले. बसले नाहीत. भांडलेही नाहीत. अख्खं शेत उपटलं म्हणाले. जुनं-नवं एकाच ढिगात.
मन्ही काडेपेटी कोठे शे?
कपाटातून पिशवी काढली. पावसाळ्यात सगळ्या सादळल्या होत्या. त्यांनी तीन काड्या ओढून पाहिल्या. मीच खाली टपरीवरून नवी घेऊन दिली.

२८ ऑक्टोबर
ब्राह्मणपुरीवर ठिपका. मुंबईने कारण विचारलंय.