मी शनिवारी खाली आहे

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून डायरी. फोनमध्येच लिहिणार. स्पेलिंगसाठी सॉरी, टाइपिंग स्लो आहे त्याच्यासाठी पण सॉरी. कोणी वाचणार नाहीये, तरी आधीच बोलून टाकलं की टेंशन नाही. हा कीबोर्ड मराठी लिहिलं की मधेच हिंदी करून टाकतो. आई बोलते माझं पण तसंच आहे.

मी देवांश, सतरा वर्षं, राहणार छत्रीबाग, इंदौर. शाळा दहावीत सोडली. सोडली मतलब ब्रेक घेतला. उभं राहून धडा वाचायचा होता, आवाजच निघाला नाही, अख्खा वर्ग वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. ते अजून पूर्ण बरं नाही झालं. आता तुकोगंजला यशवर्धन भियाच्या फोटोकॉपीच्या दुकानात असतो. मशीन माझ्याशी बोलत नाही, मी मशीनशी बोलत नाही. एकदम सेट आहे.

मेन गोष्ट आता. निशिगंधा. आमच्या दुकानाच्या वर ऑफिस आहे, तिथं कामाला लागली. साताऱ्याची. माझ्याहून थोडी मोठी असेल. नाव टाइप करायला फार वेळ लागतो म्हणून इथून पुढे नि.

नि. मला व्हॉट्सॅपवर प्रिंटच्या फाइली पाठवते. आज बोलली, बॅक टू बॅक काढ. मी बोललो, हो. आमचं चांगलं जमतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

नि.ने फाइल पाठवली. महाराष्ट्रातून इंदौरला नोकरीला आलेल्या लोकांचा ग्रुप आहे, ते लोक महूच्या पुढच्या डोंगरावर चाललेत. शनिवार-रविवार. टेंट वगैरह. त्याचे बिल्ले प्रिंट करायचे. वर लिहिलंय जोडी ट्रेक. प्रत्येक बिल्ल्यावर दोन नावं. जोडी नंबर एक, निशिगंधा व समीर. भाऊ असणार. नाक नीट बघावं लागेल.

एक बिल्ला कोरा. जोडी नंबर नऊ, पुढे नुसती रेघ. विचारलं नाही. काही गोष्टी समजून घ्यायच्या असतात.

१९ नोव्हेंबर, तीच दुपार

नि.चा मेसेज. आहे तसा उतरवतो.

शनिवारी सकाळी सहाला मी खाली आहे. तू येशील ना?

खाली आहे! मतलब फ्री आहे. कोणी पोरगी असं स्वतःहून सांगते का? शनिवारी खाली, पुढे प्रश्न, तू येशील ना. आणि तो कोरा बिल्ला. इतकं क्लियर मला गणित पण कधी समजलं नाही.

रिप्लाय लिहायला पाऊण तास लागला. आधी लांब लिहिला, मग कमी केला. शेवटी गेला तो: हो.

खाली तिने लिहिलं, बिल्ले आण आठवणीने. ते तर आणणारच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठराव.
फिटनेस. लिफ्ट बंद, जिने चालू.
नि.ला एक पूर्ण वाक्य बोलायचं. डोंगराच्या टॉपवर. वाक्य तयार आहे: मला तुमच्याशी बोलायला आवडतं. आरशासमोर बोललो, निघतं. आरशासमोर सगळं निघतं.
दीदी बोलायचं नाही, काही झालं तरी. भियाचा रूल आहे, लेडीज कस्टमर सगळ्या दीदी. पण डोंगर दुकानात येत नाही.

संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर प्रॅक्टिस. याला स्क्रॅम्बलिंग बोलतात, व्हिडियो बघितला, हातपाय दोन्ही लावून दगड चढायचा. टाकी गुळगुळीत होती. दगड असा नसतो. कोपर सुजलंय, पण ते टाकीमुळे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भियाला बोललो मावशी आजारी आहे, देवासला जातो. भिया बोलला, तुझी मावशी तर काल दुकानात आली होती बे, तिला खोकला पण नव्हता. मी मान खाली घातली. बोलला, जा, पण सोमवारी नऊला शटर तूच उघडणार.

आईने मेथीचे पराठे दिले. किती लोक, विचारलं. मी बोललो दोन. आई माझ्याकडे बघत राहिली, मग अजून दोन टाकले. शूज शेजारच्या निशांतचे. फुटबॉलचे आहेत, खाली खिळे आहेत, दगडात घट्ट बसतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार, बसमध्ये

ठरवलं तसं झालं नाही पण वाईट पण नाही झालं.

सहाला पोचलो. नि. बिल्डिंगच्या खालीच उभी होती, बसपाशी, सगळे तिच्याभोवती. मी बिल्ले दिले. ती बोलली, थँक यू देवांश, वाचवलंस. आणि बॅग बघून, तू कुठे निघालास? मला वाक्य आठवत होतं पण ते टॉपवरचं होतं. इथलं तयार केलं नव्हतं. मी बॅगेकडे बघितलं. तिने पण बघितलं. बराच वेळ आम्ही दोघं बॅग बघत होतो.

तेवढ्यात एक आजोबा आले, पंढरीनाथ काका, डोक्यावर माकडटोपी. रेल्वेतून रिटायर, ग्रुपमधले सगळ्यात जुने. एकटेच. सांगायला लागले, आमच्या सरलेचं नक्की नव्हतं म्हणून बिल्ला कोरा ठेवला, आणि ऐन वेळी ती बोलली, डोंगर तुम्ही चढा, मी घरी शांत झोपते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सगळे हसले. समीर बोलला, मग तुमची जोडी तुटली की काका, तुमची सीट आणि अर्धा टेंट वाया. नि. बोलली, देवांशला घ्या ना, तो बॅग पण घेऊनच आलाय.

असा मी आलो. कोऱ्या बिल्ल्यावर काकांनी स्वतः पेनने लिहिलं. जोडी नंबर नऊ, पंढरीनाथ व देवांश.

समीरचं नाक वेगळं आहे. चुलत भाऊ असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी, टेंट

काका घोरतात. बोलले होते, मी घोरत नाही, सरला उगाच बोलते. सरला काकू बरोबर आहेत.

काल वर चढताना नि. पुढे, मी सगळ्यात मागे. मुद्दाम. मागून सगळ्यांवर लक्ष राहतं. फुटबॉलचे शूज मातीत मस्त चालतात, दगडावर टकटक करतात आणि सरकतात. काकांनी सगळा रस्ता माझा हात धरला होता. त्यांना आधार पाहिजे होता. काका पण हेच सगळ्यांना सांगत होते, पोराला आधार पाहिजे.

शेकोटीला सगळे दोन दोन बसले. पराठे चार होते, काकांनी तीन खाल्ले. नि. समीरच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. थंडी होती. आमच्याकडे चुलत भावाच्या खांद्यावर कोणी असं बसत नाही, पण साताऱ्याकडचं मला काय माहीत.

आज टॉप. वाक्य पाठ आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार, परतीची बस

टॉपच्या आधी मोठे दगड आहेत. समीरने वाट दाखवली, डावीकडून या. मी उजवीकडून गेलो. शॉर्ट होतं. प्लान असा की मी आधी पोचेन, नि. येईल तेव्हा मी वर असाच बसलेला दिसेन, हवा खात.

मधेच दगड संपला. मतलब दगड होता, पकडायला काही नव्हतं. एक पाय वर, दुसरा कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. शूज टकटक करायला लागले, मी नाही, शूज.

तेव्हा खालून नि.चा आवाज आला. घाबरू नकोस देवांश, मी खाली आहे!

मला वाटलं, आत्ता? इथं? पण मग वाटलं, हाच मोका आहे. मी जोरात ओरडलो, मी पण! मी पण खाली आहे!

सगळे वर बघायला लागले. मग समीर बोलला, अरे भावा, तू खाली असतास तर प्रॉब्लेमच नव्हता. सगळे हसले. एवढे लोक एकदम हसताना मी दहावीनंतर ऐकले नव्हते. आणि मग पाय सुटला आणि मी दीदी ओरडलो. कोणी ऐकलं नसेल असं वाटलं, पण त्या डोंगरात आवाज परत येतो. दीदी परत आली, पुन्हा परत आली.

नि. स्वतः चढून आली. माझा शूज हाताने धरून खाचेत ठेवला. हा पाय इथे. आता तो. बघ, जमतंय की. हसली नाही. हसली असती तर चाललं असतं.

टॉपवर गेलोच नाही. काका बोलले माझे गुडघे दुखतात, मी याच्यासोबत खाली थांबतो. काका सकाळी टेंटमध्ये उठाबशा काढत होते.

बसमध्ये काकांना विचारलं, सगळे हसले कशाला. काका बोलले, बेटा, तिकडच्या मराठीत खाली म्हणजे नीचे. तू समजलास फ्री? मी बसच्या बाहेर बघितलं. काका बोलले, अरे, मी जळगावहून इथं आलो, नवीन नोकरी, साहेब बोलले, बैठिये, कुर्सी खाली है. मी वाकून कुर्सीच्या खाली बघायला लागलो. साहेबांनी पण वाकून बघितलं. दोघं खालीच.

ते इतके हसले की खोकला आला. मी पाणी दिलं.

पुढच्या सीटवर नि. आणि समीर झोपले होते. लग्न मे महिन्यात आहे, काकांनी सांगितलं. चुलत भाऊ नाहीये.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नऊला शटर उघडलं. भियाने विचारलं, मावशी कशी आहे. बोललो, बरी आहे.

अकराला नि.चा मेसेज. खाली आहेस का?

यावेळी मला माहीत होतं ती काय विचारते. तरी टाइप करायला वेळ लागला. लिहिलं: हो. मी रोज खाली असतो.

ती आली. ग्रुपच्या फोटोची प्रिंट काढायची होती. सगळे दोन दोन उभे, शेवटी काका माझ्या खांद्यावर हात टाकून, दोघांचा मिळून एक बिल्ला, तो काकांच्या स्वेटरवर. नि. बोलली, काकांसाठी एक कॉपी काढ, ते तुझी फार आठवण काढतायत. मी बोललो, हो. मग विचारलं, कलर का? ती बोलली, हो कलर. गेली. वाक्य माझ्याकडेच आहे.

दोन कॉपी काढल्या.

आत्ताच आईचा फोन. बडा गणपतीजवळ राहणाऱ्या मामीला जुळी झाली. तिथं पण जोडी.