जाईला शिट्टी ऐकू येत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

मी कॅप्टन! दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस, आणि प्रार्थना संपल्यावर अनिरुद्ध सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं — यंदा मुलींच्या खो-खोची कॅप्टन उझमा कलीम. श्रियानं एवढ्या टाळ्या वाजवल्या की चारुशीला मॅडमनी डोळे वटारले. श्रिया माझी पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी सातवीत. आमची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे हे शेवटचं वर्ष. तालुका जिंकायचाच.

वर्गात एक नवी मुलगी आलीय. जाई. तिचे बाबा माकणीच्या धरणावर चौकीदार म्हणून आलेत. तिला ऐकू येत नाही. लहानपणी लई ताप आला होता, तेव्हापासून. मॅडम म्हणाल्या, तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडं ठेवायचं, ओरडायचं नाही. श्रियानं तरी ओरडूनच तिचं नाव विचारलं.

१२ नोव्हेंबर

मॅडमनी नवीनच काढलंय. शेवटचा तास रोज वाचनाचा. पण शेवटचा तास तर आमच्या खेळाचा! सर आणि मॅडम ऑफिसात बराच वेळ बोलत होते, आम्ही खिडकीखाली उभ्या. शेवटी ठरलं, आधी वाचन, मग शाळा सुटल्यावर मैदान. म्हणजे घरी जायला रोज उशीर. दादी बोलणार.

१३ नोव्हेंबर

दादी बोललीच.

१७ नोव्हेंबर

आज राग आलाय. सरांनी जाईला टीममध्ये घेतलं. धावते ती चांगली, ते खरं. पण खो-खोत बसलेल्या मुलीला मागून खो मिळतो, तो ऐकल्याशिवाय ती उठणार कशी? मी सरांना तसं म्हटलं. कॅप्टन आहे, बोलायला पायजे.

सर हसले नाहीत. म्हणाले, "खो पाठीत असतो उझमा, कानात न्हाय. हात लागला की कळतं."

मग मलाच खो द्यायला लावला. मी तिच्या पाठीला हात लावला, आणि माझ्या तोंडातून खो बाहेर पडायच्या आत ती उठून गेलेली!

२१ नोव्हेंबर

वाचनाच्या तासाला आम्ही एक पान वाचेपर्यंत जाईचं अर्धं पुस्तक होतं. मधेच एकटी हसते. श्रिया म्हणाली, हिला काय एवढं हसू येतं? मी ते पुस्तक नंतर मागून घेतलं. एका आगाऊ बकरीची गोष्ट आहे. मला पण हसू आलं.

२ डिसेंबर

आज लागलं. श्रियाला, माझ्यामुळं नाही, जाईमुळं.

झालं असं. श्रिया पळत होती, जाई तिच्यामागं. जाईचा फाऊल झाला, सरांनी शिट्टी वाजवली. श्रिया थांबली. जाईला शिट्टी कुठली ऐकू येणार? ती तशीच आली आणि दोघी धाडकन खाली. श्रियाचं कोपर सोललं. ती रडत रडत म्हणाली, हिला काढा नाहीतर मी येत नाही.

जाई उभी राहून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. कोण काय बोलतंय ते शोधत. सगळे एकदम बोलत होते ना.

३ डिसेंबर

सरांनी मला विचारलं — केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, सामन्यात नऊजणींत कोण, श्रिया का जाई? कॅप्टन म्हणून तू सांग.

मी श्रिया म्हटलं.

९ डिसेंबर

केंद्राचा सामना जिंकला. सोपा होता. जाई बाहेर बसून होती, आमच्या सगळ्यांच्या चपला तिनं ओळीनं लावून ठेवल्या होत्या. श्रियाला खो देताना मला दोनदा वाटलं की ही उठायला वेळ लावते. पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

१६ डिसेंबर

सुचलं! सुचलं! आधी लिहून काढते.

वाचनाचा तास. मॅडम ऑफिसात गेलेल्या. आम्ही सगळे गप्पा मारत होतो, मुलं तर बाकावर चढलेली. एवढ्यात व्हरांड्यात मॅडमच्या चपलांचा आवाज आला. सगळ्या वर्गाच्या माना एकदम पुस्तकात. जाई शेवटच्या बाकावर चित्र काढत होती. तिनंही झटकन वही लपवली आणि पुस्तक उघडलं! तिला चपला ऐकू येत नाहीत. तिनं आमच्या माना बघितल्या.

शाळा सुटल्यावर धावत सरांकडं. म्हटलं, सर, बसलेल्या आठजणी असतात. शिट्टी वाजली की आठहीजणींनी मान खाली घालायची. धावताना ती आमच्याकडंच बघत असते, तिला कळणारच.

सरांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली. मग म्हणाले, करून बघू. नियमात बसतं, मान खाली घालायला कुणाची मनाई न्हाय.

केलं. पहिल्यांदा ती दोन पावलं पुढं गेली. दुसऱ्यांदा जागेवर थांबली. मग तिला काय चाललंय ते समजलं, आणि ती मैदानाच्या मधोमध उभी राहून हसायला लागली. पोट धरून. आमची पण हसून हसून पुरेवाट.

श्रियानं सगळ्यात शेवटी मान खाली घातली. पण घातली.

२९ डिसेंबर

शिबिर ठरलं. पाचवी ते सातवी, धरणाजवळच्या माळावर तंबूत राहायचं, दोन रात्री. दादी म्हणाली, लडकियां तंबू में? नक्को. अब्बा मोटार रिवाइंडिंग करतात, ते तारेच्या गुंडाळीतून मान वर काढेनात. म्हणजे दादीचं खरं.

३१ डिसेंबर

मॅडम घरी आल्या! दादीच्या शेजारी सतरंजीवर बसल्या, चहा घेतला, दुसऱ्यांदा पण घेतला. शिबिराचं नावच काढलं नाही. दादी गोधडी शिवत होती, तिचे टाके बघितले, कसे घालता विचारलं. दादी खुश. निघताना मॅडम म्हणाल्या, मी मुलींच्याच तंबूत झोपणार आहे, थंडी फार आहे, तुमची एखादी गोधडी मिळाली तर बरं होईल.

दादीनं दोन दिल्या. एक मॅडमना. एक मला!

५ जानेवारी

तंबू ठोकले. आमचा दोनदा पडला. भाकरी आम्हीच भाजल्या, माझ्या जरा जळल्या. पाण्याच्या कडेनं जाईनं सगळ्यांना फिरवलं. तिच्या बाबांची ड्यूटी तिथंच, त्यामुळं तिला सगळं माहीत. कुठं दगड निसरडा, कुठं बगळे बसतात. ती बोट दाखवायची आणि आम्ही गुपचूप बघायचो. सरांनी शंभरदा शांत बसा म्हणून सांगितलं तरी आम्ही बसत नाही. तिच्याबरोबर आपोआप बसलो.

६ जानेवारी

आजचं कसं लिहू.

संध्याकाळी वाचनाचा कार्यक्रम होता. गावातली माणसं आली होती, सरपंच, अब्बा, जाईचे बाबा बिराप्पा काका. एकेकानं आवडलेल्या पुस्तकातलं पान वाचायचं. श्रियानं छान वाचलं. मी मधे अडखळले, पण वाचलं.

मग जाई उठली. मॅडमनी तिचं नाव घेतलं नव्हतं! ती स्वतःच पुस्तक घेऊन पुढं गेली. तीच बकरीची गोष्ट.

ती बोलते ते आम्हाला आता कळतं. पण नव्या माणसाला नाही कळत. आवाज जाड येतो, शब्द अर्धेच बाहेर येतात. पहिलं वाक्य झालं आणि मागं कुणीतरी हसलं. मग अजून कुणीतरी. तिला हसणं ऐकू आलं नाही. पण तोंडं तर दिसतात ना! ती थांबली. बिराप्पा काका उठायला लागले, तिला खाली बोलवायला.

मला काय झालं माहीत नाही. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. बोट वाक्यावर ठेवलं. तिनं वाचलं, मी तेच वाक्य परत मोठ्यानं म्हटलं. तिनं पुढचं वाचलं, मी म्हटलं. दोन-तीन वाक्यं तशी झाली. मग बकरी सरपंचाचा फेटा खाते ते आलं आणि आमचे खरे सरपंचच सगळ्यांत जोरात हसले. तेव्हापासून सगळी माणसं गोष्टीला हसायला लागली. जाईला पण कळलं, हे हसणं वेगळं आहे. शेवटच्या पानाला तर मी परत म्हणायच्या आधीच लोक हसत होते. त्यांना तिचं कळायला लागलं होतं.

बिराप्पा काका उभेच राहिले होते. बसायचंच विसरले.

७ जानेवारी

घरी आले. अंग ठणकतंय. गोधडीला धुराचा वास येतोय, दादी धुऊ म्हणते. मी नको म्हटलं.

१९ जानेवारी

तालुक्याच्या सामन्याला नऊजणी कोण, सरांनी परत मला विचारलं. मी आधी श्रियाच्या घरी गेले. तिला तोंडावर सांगितलं की मी जाईचं नाव देणार. ती दार लावून आत गेली. तिच्या आईनं मला शेंगदाण्याचा लाडू दिला. तो खात घरी आले. गोड लागला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

तालुका जिंकलो!!!

लोहाऱ्यात. शेवटचा डाव, आम्हाला एक गडी पायजे, वेळ संपत आलेली. जाई धावत होती. शिट्टी! आमच्या आठ माना खाली. जाई जागेवर वळली, उलट्या दिशेला जाऊन फाऊल सोडवला, परत आली, आणि श्रियाला — व्हय, श्रिया आत होती, कारण एकीच्या पायात गोळा आला — श्रियाला खो दिला. श्रिया अशी उठली की मी कधी बघितली नव्हती. खांबापाशी सूर मारला. गडी बाद!

पंचांनी सरांना विचारलं, तुमच्या मुली मान का खाली घालतात? लाजतात काय? सर म्हणाले, न्हाय, बोलतात.

श्रिया परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी बसली. तिच्या डब्यातली पोळी दिली.

१० फेब्रुवारी

जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात हरलो. समोरच्या मुली लई तयारीच्या. पण सामना झाल्यावर निवड करणाऱ्यांनी मला आणि जाईला थांबवून घेतलं. पळायला लावलं, सूर मारायला लावला. धाराशिवला खो-खोचं निवासी केंद्र आहे. आठवीपासून तिथंच राहायचं, शाळा आणि खेळ दोन्ही.

२६ फेब्रुवारी

निकाल आला. जाईची निवड झाली. माझी नाही.

१ मार्च

काही लिहावं वाटत नाही. रोजे चालू आहेत, त्याचं निमित्त बरं आहे. गप्प बसलं तरी कुणी विचारत नाही.

५ मार्च

बिराप्पा काकांनी नाही म्हणून कळवलं. जाईचे डोळे सुजलेले.

खरं सांगायचं तर आधी मला जरा बरं वाटलं. थोडाच वेळ. मग नाही.

७ मार्च

मॅडमबरोबर धरणावर जाईच्या घरी गेले. काका वाईट नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, "इथं तुम्ही सगळे हायसा. तिथं हिच्याशी बोलणार कोण?"

मी म्हटलं, "आम्हाला तरी कुठं येत होतं काका? आम्ही शिकलो. त्या पण शिकतील."

जाई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला सगळं कळलं. मग ती काकांकडं वळली आणि हातानं भराभरा काय काय बोलली, ते मला नाही कळलं. काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

९ मार्च

जाई जाणार!

२१ मार्च

ईद. जाई आणि श्रिया दोघी आल्या होत्या. शीरखुर्मा दोनदा घेतला. दादी जाईशी दखनीत बोलत होती, जाई मान हलवत होती. दोघींना एकमेकींचं किती कळलं अल्लाह जाणे. पण दादी म्हणाली, ही पोरगी मेरी बात बराबर सुनती.

१ मे

शेवटचा दिवस. निकालपत्रक मिळालं, तिघी पास. मैदानावर पाचवीच्या मुली खेळत होत्या. मी त्यांना दाखवलं, पाठीला हात कसा लावायचा. सर लांबून बघत होते. आठवीला मी लोहाऱ्याला जाणार, बसनं, श्रियाबरोबर. तिथंही मैदान आहे. मी चौकशी केलीय.

६ मे

धाराशिवहून सरांना फोन आला. निवड झालेल्या एका मुलीनं नाव काढून घेतलं. तिच्यानंतर यादीत मी आहे.

सर सांगायला घरी आले. अब्बा दादीकडं बघत राहिले. मी पण. दादी उठली, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तिच्यातले स्वतःच्या शादीचे कपडे एकेक करून बाहेर काढले, आणि रिकामी पेटी माझ्याकडं सरकवली.

"देख, इसमें तेरे बूट बैठते क्या."