राणीसाहेबांचं बाळंतपण

ती. वन्संना,

वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, पण त्यात तुमच्या बंधुराजांचा हात असणार हे तुम्ही आत्ताच ओळखलं असेल.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच उतरता ना? इकडे मी ठीक. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टीही निघाली, हे तुमच्या फोनवरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वाचायचं नाही आणि बारीक काही निरखायचं नाही असं बजावलंय म्हणे. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. बत्तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते त्यांनी एका चिठ्ठीत करून दाखवलं. आता वाचायला बंदी म्हणजे हे पत्र तुम्हीच यांना वाचून दाखवणार. तेव्हा आधीच सांगून ठेवते, जिथे कंसात 'मनात वाचा' असं लिहिलं असेल ते कृपा करून मनातच वाचा आणि चेहराही सरळ ठेवा.

परवा फोनवर तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, "अगं, हा झोपेत सारखा राणी राणी करतो. कोण ही राणी?" वन्सं, तुमच्या काळजीचं कौतुक वाटलं. पण तशी काही भानगड असती तर मी सुखी झाले असते, निदान चारचौघांत रडता तरी आलं असतं. राणी म्हणजे मुंगी. खरीखुरी, सहा पायांची. आता हे कोणाला सांगून रडू?

तर झालं असं. वजनमापे खात्यातून हे निवृत्त झाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चौतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले, आता घरात तपासायला उरले काय, तर माझी शिवणाची टेप. ती दोन मिलिमीटर आखूड निघाली. (म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या गावाला आखूड पडदे घातले, असा निष्कर्ष माझ्याच गिऱ्हाइकासमोर जाहीर झाला.) मग गॅसची शेगडी समपातळीत नाही हे निघालं. मग मी पोळपाट कुठे ठेवावा यावर दोन दिवस गेले. मी रोज मनात म्हणायची, यांना काहीतरी उद्योग लागू दे. मागताना नीट तपशील द्यायला हवा होता, ही माझी चूक.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी हे दूध आणायला गेले ते परतलेच नाहीत. मी खाली बघायला गेले तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टीलचा पेला उपडा घातलेला, आणि त्याशेजारी हे पहारा देत उभे. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पिशव्या घेऊन खोळंबले होते, कारण हे त्यांना जिना चढू देत नव्हते. पेल्याखाली म्हणे पंख गळलेली राणी मुंगी होती. लग्न लावून नुकतीच उतरलेली, बिऱ्हाडाच्या शोधात निघालेली. डॉक्टर बिचारे सभ्य, "अभिनंदन" म्हणून कठड्याला चिकटून वर गेले. दूध त्या दिवशी आलं नाही, राणी आली.

औषधाच्या दुकानातून काचेची नळी आणली. तिच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणीसाहेब, मग तोंडाशी दुसरा बोळा. झाला राजवाडा. त्यावर काळं कापड हवं, कारण तिला अंधार लागतो. ते माझ्या कोटाच्या अस्तरातून कापलं. (विचारलं का? नाही. 'आतूनच तर आहे, कुणाला दिसतं?' असं उत्तर मिळालं.) अशी राणी म्हणे महिना-दीड महिना काही खात नाही. पंखांच्या जागचं स्वतःचंच मांस जिरवते, अंडी घालते, पिल्लं वाढवते आणि पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडल्या की मग जेवते. हे सगळं हे मला डोळे भरून सांगत होते. "केवढा त्याग आहे बघ!" म्हणाले. मी त्या वेळी यांचा शर्ट इस्त्री करत होते आणि माझा चहा गार झालेला होता. मी बघितलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण राणीसाहेबांना हादरे चालत नाहीत. हादरे बसले तर घाबरून आपलीच अंडी खातात. आणि घरात हादरे देणारं कोण? माझं शिलाई मशीन. ज्या मशीनवर दोन लेकींची शिक्षणं झाली, ते खिडकीपासून उचलून मागच्या गॅलरीत गेलं, धुण्याची बादली आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध. तिथे पाय पसरायला जागा नाही, उजेड पाठीमागून येतो, आणि प्रत्येक लांब शिवणीला कोपर पिंपावर आपटतं. कंबर का धरली ते आता कळलं ना? घरात आम्ही अनवाणी चालायचं. कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. दारावरची बेल बंद. आलेला माणूस दार वाजवायला लागला की हे धावत जाऊन ओठांवर बोट ठेवायचे आणि कुजबुजायचे, "हळू, घरात बाळंतीण आहे." आमचं वय बघता लोक काय समजले असतील ते समजोत.

(इथून पुढचा परिच्छेद मनात वाचा.) वन्सं, माझी दोन बाळंतपणं झाली. थोरलीच्या वेळी हे तपासणीच्या दौऱ्यावर होते, तारेने पेढ्यासारखे गोड शब्द पाठवले होते. धाकटीच्या वेळी इस्पितळात आले, पण आधी तिथला बाळं तोलायचा काटा तपासला आणि तो वीस ग्रॅमने चुकतो म्हणून नर्सशी हुज्जत घातली. तेव्हा माझ्या उशाशी तुम्हीच होतात. माझ्यासाठी कुणी बेल बंद केली नव्हती, आणि मी सोळाव्या दिवशी मशीनवर बसले होते. मुंगीचा हेवा करावा अशी वेळ बाईवर येऊ नये. मी केला. खोटं कशाला सांगू, एकदा ते काळं कापड बाजूला करून तिला म्हटलंही, "मजा आहे बाई तुझी." मग तिच्याकडे बघितलं. एकटीच होती, पोट जमिनीला टेकवून तांदळाच्या कणीहून बारीक अंडी तोंडात धरून बसलेली. मजा अशी काही दिसली नाही. कापड परत टाकलं.

मग यांच्या डोळ्याचं निघालं आणि हे तुमच्याकडे आले. निघताना मला अकरा कलमांची सूचना लिहून दिली. त्यात दहा कलमं राणीची आणि अकरावं गॅसचं. स्वतःची गोळ्यांची पिशवी टेबलावर विसरले, ती मी मागे धावत जाऊन रिक्षात टाकली. राणीच्या नोंदींची वही मात्र माझ्या स्वाधीन केली. तिच्यात रोज सकाळी नऊला 'अद्याप काही नाही' असं लिहायचं.

(मनात वाचा.) रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली आणि मी समोरच्या ब्लॉकमधल्या नर्सबाईंना हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून मशीन उचललं आणि खिडकीपाशी आणलं. काय करू? नर्सबाईंच्याच दवाखान्याचे सव्वीस पडदे आठ दिवसांत द्यायचे होते. पहिल्या दिवशी मी मशीन अगदी दबकत चालवलं. दुसऱ्या दिवशी जरा मोकळं. तिसऱ्या दिवशी बॉबिन गुंतली, मी दोन शिव्या दिल्या आणि सुसाट सुटले. संध्याकाळी हात थांबल्यावर मात्र नळीची आठवण झाली. वाटलं, संपलं सगळं, खाल्ली असणार तिने अंडी. दोन महिन्यांची यांची धडपड आपण सव्वीस पडद्यांपायी गिळली. कापड उचलायचा धीर होईना.

उचललं. वन्सं, राणीच्या भोवती पाच मुंग्या होत्या. पिवळट, पारदर्शक, सुईच्या नेढ्यातून जातील एवढ्याशा. एक तिचं डोकं चाटत होती. मशीनच्या धडधडाटात जन्मल्या. आमच्याही लेकी तशाच वाढल्या, त्यांना तर त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. सूचनांमधलं 'हादरे नकोत' हे चौथं कलम मी पेन्सिलीने खोडलं. मग साखरेच्या पाण्याचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन आत ठेवला. पाचही जणी भोवती जमल्या, प्याल्या, आणि मग एकेक जाऊन राणीच्या तोंडाला तोंड लावून तिला भरवू लागली. दोन महिन्यांनंतरचा तिचा पहिला घास. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. भाजी लागली. लागू दे म्हटलं.

आता घोळ ऐका. काल दुपारी मी असाच थेंब द्यायला गेले आणि बाहेरचा बोळा निघून हातात आला. नळी सुटली, टेबलावरून गडगडली आणि पडद्यांच्या ढिगावर पडली. फुटली नाही, पण उघडी. राणी तोंडाशीच आली होती, तिला मी अंगठा लावून अडवलं. पण पाचांपैकी चार बाहेर. पांढऱ्या कापडावर होत्या म्हणून दिसल्या तरी. एका हातात नळी, दुसऱ्या हातात शिवणाचा खडू, अशी मी ओणवी होऊन त्यांच्याभोवती जाड रेघ ओढली. खडूच्या भुकटीवर त्यांचे पाय घसरतात हे मला चाळीस वर्षांच्या शिवणकामामुळे माहीत होतं, अकरा कलमांत नव्हतं. नेमक्या त्याच वेळी नर्सबाई पडद्यांची चौकशी करायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांना दिसलं काय, तर शिंपीणबाई रांगतेय आणि दवाखान्याच्या नव्या पडद्यावर मुंग्या. बाई तत्पर. पायातली चप्पल काढून पुढे सरसावल्या, "थांबा, हलू नका, मी मारते!"

मी किंचाळले, "खबरदार! घरात बाळंतीण आहे!"

चप्पल हवेतच राहिली. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चप्पल पायात घातली, चष्मा पुसला आणि खाली बसल्या. त्यांच्या हाताला सवय. ओल्या कापसाच्या टोकाने एकेकीला उचलून त्यांनी चारही जणी नळीत सोडल्या. बोळा घट्ट बसवला. जाताना म्हणाल्या, "बाळ-बाळंतीण सुखरूप. उद्या परत बघून जाते." (आणि त्या आज खरंच येऊन गेल्या. येताना बाळंतिणीला खायला मेलेला डास कागदाच्या पुडीत घालून आणला होता.)

असं सगळं आहे. अशा राण्या म्हणे पंधरा-वीस वर्षंही जगतात. हे एकसष्ट, मी अठ्ठावन्न. पुढे ती कोणाच्या गळ्यात पडायची तेही आत्ताच कुणीतरी ठरवून ठेवलेलं बरं. तुमच्या तब्येतीला जपा. यांना तिखट कमी घाला, मागितलं तरी.

तुमची
भावजय

ता. क. १. मुख्य सांगायचं राहिलंच. यांना आणखी पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या. डोळ्याला विश्रांती हे कारण सांगा. तेवढ्यात माझे पडदेही होतील, आणि मशीन खिडकीपाशीच राहणार हे तुम्ही थोरल्या बहिणीच्या नात्याने यांच्याकडून कबूल करून घ्या. माझं ऐकायचे नाहीत, तुमच्यापुढे अजून बोलायची टाप नाही.

ता. क. २. पुन्हा वाचून पाहिलं, तर हे पत्र यांना वाचून दाखवूच नका, कंसाबाहेरचंही नाही. मी रोज फोनवर 'अद्याप काही नाही' असंच सांगतेय. पहिली मुंगी यांनी स्वतःच्या नव्या डोळ्याने बघायची आहे. मी खुशाल आहे एवढंच सांगा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी उघडलं. आत्ताच एक कोष फुटला. आतली बाहेर येऊ शकत नव्हती तर थोरल्या दोघींनी तिला धरून ओढून काढलं. मी वळून "अहो, लवकर या, बघा!" असं म्हटलं, तर घरात कोणी नव्हतं. वन्सं, पंधरा दिवसांचं राहू दे. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की त्याच दिवशी यांना गाडीत बसवून द्या. गाडी कितीला पोचते तेवढं कळवा, मी घ्यायला येते.