हिवरदरीची शीव

१ जुलै
बोरवाडीत आले. मन्याड नदीच्या खोऱ्याचे जुने नकाशे संगणकावर उतरवायचं काम. ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल आणि माझी पहिली नोकरी! घरातली पहिली पदवीधर मीच. धाकटी आरती सोबत आहे; बसनं कंधारच्या कॉलेजला जाईल. नोकरी टिकली तर ती शिकेल, नाही तर वडील तिचं लग्न उरकणार. घरमालकीण मनकर्णाबाईंनी चहा देत विचारलं, डोंगर कागदावर काढला म्हून काय तो सपाट व्हनार हाय का? आम्ही खूप हसलो.

५ जुलै
निजामाच्या काळातला, कापडावर डकवलेला नकाशा फार सुंदर आहे. उंचीच्या रेषा केसासारख्या, घरांचे बारके काळे चौकोन. खोऱ्यात हिवरदरी हे बेचिराख गाव आहे. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत ओस पडलं, पण शीव अजून वेगळी. माणूस नाही तिथे शीव कशाला? संगणकावर ती पुसली आणि हिवरदरी बोरवाडीत मिसळली. माझ्यासोबत काम करणारे व्यंकटीकाका म्हणाले, राहू दे पोरी, वरच्यांना विचार आधी. आळशी वाटले मला.

१२ जुलै
आज गावानं आषाढातली शीव बांधली. नारळ, लिंबू, कडुनिंबाची तोरणं. सरपंच शेषेरावांनी कौतुकानं माझाच नवा नकाशा हाती धरला आणि त्यातल्या शिवेवर तोरणं बांधून घेतली. मनकर्णाबाई मात्र भडकल्या. दरसाल हिवरदरी बाहेर ठेवून बांधतात म्हणे, पटकीत मेलेले लोक तिथंच राहावेत म्हणून. लई शानी हायस, म्हणाल्या, यंदा त्यांना घरात घेतलंस की गं! मी विज्ञान समजावत बसले.

१५ जुलै
जुन्या नकाशातले हिवरदरीचे काही चौकोन गायब. खरवडल्याची खूण नाही. व्यंकटीकाकांचंच काम. माझी नोकरी घालवायची असेल. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात.

१७ जुलै
हिवरदरी कोरी. चौकोन मधला ओढा ओलांडून बोरवाडीकडे आलेत, त्याच जुन्या शाईत. काकांना नाही नाही ते बोलले. ते रडले. कुलूप जसंच्या तसं होतं.

१८ जुलै
चौकोन आमच्या गल्लीत. संगणकावर शीव परत काढली. उपयोग नाही. बांधलेली शीव पुढल्या आषाढापर्यंत सुटत न्हाई, मनकर्णाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघेचनात.

१९ जुलै, दुपार
आरतीची पिशवी भरली. दोनच्या बसनं घरी पाठवते. लग्न तर लग्न —
ती म्हणते, शेजारी नवे लोक आलेत. गरीब आहेत. सारखी तहान लागते म्हणे त्यांना, पाणी मागतात.
शेजारी तर मोकळा माळ आहे —
नकाशात मात्र आमच्या भिंतीला लागून —
कुणीतरी कडी वाजवतंय. आरती तांब्या भरून उठली. मी ओरडले, थांब — तिनं दार