माहितीपटातली तुमची दोन मिनिटं

सोलापूर, रविवार दुपार

ती. स्व. अनिलअण्णा यांना,

धाकट्या मावसबहिणीचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा, तुमची साखर आणि नाशिकची थंडी या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे बरे आहेत. तुमची अव्वा, म्हणजे माझी मावशी, तर इतकी बरी आहे की काल तिने ज्वारीचं अर्धं पोतं एकटीने सरकवलं आणि नंतर ते आधीच चांगलं होतं म्हणून परत जागेवर नेलं. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मला लगेच मुद्द्यावर यावं लागतं. या वेळी मला मुद्द्यापर्यंत जरा चालत जायचं आहे. (शिवाय तुमचा फोन बहुधा वहिनी उचलतात. ते या वेळी का नको, ते पुढे येईल.)

गेल्या महिन्यात पुण्याहून ऋतुजा नावाची एक मुलगी आली. ती माहितीपट करते, म्हणजे खऱ्या माणसांचे, खऱ्या घरातले चित्रपट. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती सोलापूरच्या खाण्याबद्दलची पुस्तकं शोधत होती. पुस्तकं सापडली नाहीत, तेव्हा ग्रंथपाल या नात्याने मला अपराधी वाटलं आणि मी तिला पुस्तकाऐवजी मावशीकडे नेलं. परसातली चूल, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ, मदतीला शेजारची शिवम्मा, कडेला वाळत उभ्या केलेल्या पापडासारख्या पातळ कडक भाकऱ्या आणि मागे चाळीस वर्षांच्या धुराने काळीभोर झालेली भिंत हे सगळं पाहून ती पोरगी हरखली. विशेषतः भिंत पाहून. "या भिंतीवरच माझा चित्रपट उभा राहील," असं ती मला म्हणाली, आणि कॅमेरा आणायला पुण्याला गेली.

ती पाच दिवसांनी पृथ्वीराज नावाच्या कॅमेरावाल्याला घेऊन परतली, तेव्हा भिंत पिस्ता रंगाची होती. पाहुणे येणार म्हटल्यावर मावशी काळी भिंत कशी ठेवील? अंगावर ठेवणीतलं इरकल, गळ्यात बोरमाळ, आणि चुलीच्या जागी गॅसची शेगडी, कारण "लोक म्हणतील, लेक नाशकात साहेब हाय आन् आईला धुरात बसवलीया." पृथ्वीराजने हळूच सुचवलं की कंदिलाची काजळी थोडी फासता येईल. ऋतुजा म्हणाली, नाही, जे आहे ते आहे. मी त्या दिवशी रोजनिशीत दोन पानं लिहिली. काळी भिंत खरी, पण पाहुण्यांसाठी भिंत रंगवणारी मावशीही तितकीच खरी. मग खोटं काय? (मला वाटतं, बोरमाळ. ती शिवम्माची होती.) शेवटी मधला मार्ग निघाला. भिंत पिस्ता राहिली, चूल परत आली.

पुढची अडचण अशी की ऋतुजा सारखं म्हणे, "आज्जी, आम्ही इथं नाहीच असं समजा." मावशी म्हणे, "न्हाईत तर मग हा चहा कुणासाठी टाकलाय?" पहिल्या दिवसाच्या तीन तासांच्या चित्रणात मावशी प्रत्येक दोन मिनिटांनी थेट कॅमेऱ्याकडे बघून "खा की, लाजू नको" म्हणताना दिसते. पृथ्वीराजचा पाट तिने चुलीसमोर मांडला होता, त्यामुळे बराच भाग त्याच्या डाव्या गुडघ्याचा आहे.

माझं काम दुभाष्याचं होतं. तुम्हाला माहीतच आहे, मावशी पाहुण्यांशी मराठीत बोलते आणि चुलीशी कन्नडात. ते चुलीशी बोललेलं मी ऋतुजाला मराठीत सांगायचं आणि नंतर पडद्यावर खाली दिसणाऱ्या ओळी लिहायच्या. तिसऱ्या दिवशी ऋतुजाने विचारलं, "आज्जी, तुमची भाकरी सगळ्यात आवडीनं कोण खातं?" मावशीने थापणं थांबवलं नाही, पण उत्तर चुलीला दिलं. (ते कन्नडात होतं. मी इथे तिच्याच मराठीत देते, म्हणजे तुम्हाला आवाज ऐकू येईल.) "खायचा की, माझा अन्या. चार चार खायचा, शेंगाचटणी लावून. आता तीन वर्षं झाली, ताटाला हात लावला की 'पोट भरलंय अव्वा.' मोठा माणूस झाला. आईच्या भाकरीची लाज वाटत आसंल. मग मी कुणासाठी थापू? ह्या संक्रांतीला गड्ड्याची जत्रा झाली की तवा पालथा घालणार बगा."

अण्णा, मला फक्त भाषांतर करायचं होतं. कॅमेरा चालू होता. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत याच कडक भाकरीवर तुमची कवळी मोडली, तेव्हा मावशीला "ग्रंथालयाची कपाटं बघायला जातो" असं सांगून मीच तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, आणि मरेपर्यंत बोलणार नाही असं वचन दिलं होतं. ते सगळं मला आठवत होतं. तरी मी कन्नडात म्हणाले, "मावशी, लाज तुझ्या भाकरीची नाही. त्यांचे दात गेलेत. कवळी आहे."

मावशीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. शिवम्मा म्हणते, तिने आयुष्यात ही पहिली करपलेली पाहिली. मग मावशी कन्नडातच म्हणाली, "कवळी? येवढंच व्हय?" आणि हसायला लागली. "आगं, ह्याच्या बापाला शेवटची पंधरा वर्षं एक दात नव्हता की! आमटीत कुस्करायचा, हाताची घडी घालून बसायचा, मऊ झाली की दोन वाट्या वरपायचा. भाकरीला दात कशाला लागत्यात? येडं पोरगं. तीन वर्षं उपाशी उठलं माझ्या घरातनं!" हे ती एकदा रागाने म्हणाली आणि तीनदा हसत. मग एकदम पृथ्वीराजकडे वळून ओरडली, "तू काय बघत बसलाईस, भाकरी उलट की!" त्याने उलटली. म्हणून त्या ठिकाणी चित्र हलतं आणि मग थोडा वेळ फक्त पिस्ता भिंत दिसते.

आता माझा गुन्हा क्रमांक दोन. पडद्यावरच्या ओळी लिहायला बसले तेव्हा वचन आठवून मी दातांचा सगळा उल्लेख गाळला आणि "कवळी आहे"च्या जागी "पथ्य आहे" असं लिहिलं. ऋतुजाने ते दृश्य दोनदा पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, पथ्यावर माणूस एवढं हसतं का हो?" मी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं. (म्हणजे तुमचं गुपित मी दोनदा फोडलं. दुसऱ्या वेळी तर भाषांतराच्या प्रामाणिकपणासाठी. तोही मला अलीकडे संशयास्पद वाटतो.) आणखी एक कबुली द्यायला हवी. मी पहिल्यांदा बोलले ते मावशीचं दुःख बघवेना म्हणून, की तीन दिवस कॅमेऱ्यामागे बसून मलाही एकदा त्याच्यापुढे यायचं होतं म्हणून? रोजनिशीत मी पहिलं कारण लिहिलं, मग खोडलं, मग दोन्ही लिहिली.

पण मावशी त्या दिवसापासून गाणं म्हणत पीठ मळते, आणि तवा पालथा घालायची भाषा बंद आहे. म्हणून पश्चात्ताप हवा तितका होत नाही. याबद्दलही क्षमा असावी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
श्रीदेवी

ता. क. सोबत एक कागद आहे. ते संमतीपत्र आहे. ऋतुजा म्हणते, दात तुमचे, तेव्हा परवानगीही तुमचीच. तुम्ही नाही म्हणालात तर ती दोन मिनिटं काढून टाकेल, आणि ती शब्दाची पक्की आहे. मग उरेल तो चहाचा माहितीपट. पेन्सिलीने दोन फुल्या केल्या आहेत, तिथे सही करावी. वहिनींना कवळीबद्दल माहीत नसेल तर कागद ऑफिसात न्यावा.

ता. क. २. तुम्ही आमटीत कुस्करून खाताना एक शेवटचं दृश्य घ्यावं, अशी ऋतुजाची फार इच्छा होती. मावशीने साफ नकार दिला. "जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाई. कॅमेऱ्यानं तर न्हाईच." तेव्हा जत्रेला निर्धास्त या.

ता. क. ३. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मावशीने कवळीची गोष्ट स्वतःच गल्लीभर सांगितली आहे, आणि शिवम्माच्या दिराने तुमच्या डॉक्टरचा पत्ता विचारला आहे. म्हणजे सही केलीत काय, न केलीत काय, गुपिताला आता फरक पडत नाही. आधी सांगितलं असतं तर तुमच्यावर दबाव आला असता, म्हणून शेवटी सांगितलं. (शेवटी सांगितल्यानेही आलाच, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) मात्र मावशी रोज विचारते, "वरची का खालची?" त्यावर भाकरी किती पातळ थापायची ते ठरणार आहे म्हणे. ते मी अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं आहे.