अकरावं नाव

सर, खडूचे ते दोन ठोके अजून ऐकू येतात. हॉकी टीमची दहा नावं सलग लिहून झाली की तुम्ही खडू फळ्यावर दोनदा आपटायचात, ठक्, ठक्, आणि मग अकरावं नाव. कवितेच्या तासालाही हीच खोड. ओळीत यती आली की टेबलावर दोन ठोके, आणि तेवढा वेळ वर्गातल्या चाळीस पोरांनी श्वास धरून थांबायचं. या पत्रात वर आधी 'अण्णा' असं लिहिलं होतं, ते खोडलं. हॉकीचा सीझन सुरू झाला की घरीसुद्धा तुम्हाला अण्णा म्हणायची मला बंदी होती. स्वयंपाकघरात जेवायला बसलो की आई मुद्दाम म्हणायची, "सरांना विचार रे, आमटी वाढू का म्हणून." मी हसायचो. तुम्ही नाही. निःपक्षपाती माणसाने आमटीसुद्धा निर्विकार चेहऱ्याने प्यायची असते, नाही का?

आज शहात्तराव्या वर्षी, बेसिंगस्टोकच्या या दोन खोल्यांच्या घरात, हीटरला गुडघे लावून तुम्हाला लिहितोय ते त्या निःपक्षपातीपणाबद्दलच. मला त्याची किळस आहे. साठ वर्षं आहे. तुम्ही होतात तोवर बोललो नाही, आता तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून बोलतो. तेवढं शौर्य तुमच्याकडूनच घेतलेलं आहे.

तो दिवस घ्या. फायनल, खडकीचं लाल मातीचं मैदान. आपल्या लेफ्ट इनचा घोटा आदल्या संध्याकाळी मुरगळलेला, सुजून भोपळ्याएवढा झालेला. बी टीममधून एकाला वर घ्यायचं आहे. मी बी टीममध्ये आहे, आणि का आहे ते सगळ्या शाळेला ठाऊक आहे: ए टीममध्ये घेतलं तर लोक काय म्हणतील! पण आता लेफ्ट इनला खेळणारा, डाव्या बगलेतून आत घुसणारा, मी एकटाच. वर्गातली पोरं मागून पाठीत गुद्दे मारतायत, "आज तुझा नंबर लागला रे." मी बाकाखाली बुटांच्या नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या आहेत. ठक्, ठक्. तुम्ही माझ्या शेजारी बसणाऱ्याचं नाव लिहिता. तो बिचारा राइट आऊट. डावीकडे चेंडू आला की त्याचे पाय एकमेकांत अडकायचे. व्हरांड्यात तुम्हाला गाठून विचारलं, "सर, मी का नाही?" तुम्ही हातावरचा खडू झटकत म्हणालात, "तू अजून तयार नाहीस."

त्याने रिकाम्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला. आपण एका गोलने हरलो. आणि सोमवारी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी तुम्हाला शाल आणि नारळ दिला, "पोटच्या मुलालाही बाजूला सारणारे शिक्षक" म्हणून. हरलेल्या टीमच्या मास्तरांचा सत्कार! अकरा पोरं मान खाली घालून उभी, आणि तुम्ही शाल सावरताय. पराभवाचीसुद्धा मिरवणूक काढता येते हे मी त्या दिवशी शिकलो. ती शाल आईने पुढे इस्त्रीखाली अंथरायला घेतली. तिने केलेली टीका तेवढीच, पण तुमच्या सगळ्या भाषणांपेक्षा नेमकी.

आता इथलं सांगतो. इथल्या हॉकी क्लबात मी तीस वर्षं लुडबुडतोय. आधी खेळलो, मग अंपायर झालो, आता बायकांच्या टीमच्या निवड समितीत एक म्हातारा शोभेला असावा म्हणून मी. समितीत तिघं. कोच, ही पन्नाशीची खणखणीत बाई, मला नावाने हाक मारते आणि कधी गोड बोलत नाही. दुसरा एक लॅपटॉपवाला. याने आयुष्यात स्टिक धरली असेल तर कुत्र्याला हाकलायला. खेळाडू किती पळाला हे तो मोजतो, कशाला पळाला हे विचारत नाही. तुम्ही त्याला वृत्ताच्या मात्रा मोजायला बसवलं असतंत, त्याने कविता न वाचता मोजल्या असत्या. आणि तिसरा मी.

मंगळवारी प्रॅक्टिसला फर्स्ट टीमच्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा गेला. शनिवारी शेवटची मॅच, हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये. खालच्या टीम्समधून एकीला वर घ्यायचं. नावं दोन. एक सेकंड टीममधली सॉलिसिटर, इंग्लिश, नीटनेटकी. अथक पळते, पण गोल दिसला की परवानगी मागितल्यासारखी थांबते. दुसरी थर्ड टीममधली, आपली, कामठीची. पस्तीस वर्षांची, सॉफ्टवेअर टेस्टर. प्रॅक्टिसनंतर तीच मला गाडीतून घरी सोडते. दर गुरुवारी डबा आणते, कोथिंबिरीची वडी, जिला ती सांबारवडी म्हणते. "काका, तिखट झाली का जी? झाली तर सांगू नका, गुमान खा." जूनमध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी ते लीड्सला जाणार. "एकदा फर्स्ट टीमचा शर्ट घालायचा आहे, काका. एकच मॅच. आईला फोटो पाठवीन, मग मेली तरी चालेल." "मरायचं कशाला?" "बरं, मग लीड्सला गेली तरी चालेल."

आणि ती खेळते कशी! गोलसमोरच्या अर्धवर्तुळात शिरली की सगळ्या जणी घाई करतात. ही थांबते. अर्धा श्वास, जास्त नाही. बचाव करणाऱ्या दोघी पुढे निघून जातात, मग फटका. बाकी कोणाला तो गोंधळ वाटतो. मी तुमच्या वर्गात बसलेला आहे, मला ठाऊक आहे, ती यती आहे. तिथे मला ठक्, ठक् ऐकू येतं. पन्नास वर्षं या देशात हॉकी पाहतोय, चिखलात धावणाऱ्या कष्टाळू माणसांची हॉकी, आणि अखेरीस कोणीतरी शार्दूलविक्रीडितात खेळताना दिसलं.

काल बुधवारी प्रॅक्टिसला दोघींना समोरासमोर खेळवलं. नंतर क्लबात मीटिंग. लॅपटॉपवाला म्हणाला, आकड्यांनुसार सॉलिसिटर. कोच म्हणाली, "आकडे राहू देत. मला कामठीवालीला घ्यावंसं वाटतंय." ती 'कामठीवाली' म्हणाली नाही, नावाने बोलली, पण अर्थ तोच. मग माझ्याकडे वळून, "तू तिला सगळ्यात जास्त पाहिलंयस. ती तयार आहे का?"

एवढाच प्रश्न, सर. हो किंवा नाही. आणि माझ्या डोक्यात काय आलं? गाडी आली. डबा आला. हे लोक म्हणतील, म्हातारा आपल्यातलीच बाई घुसवतोय. कोणी म्हणालं नव्हतं हो! त्या दोघांच्या मनातही नसेल. तीस वर्षांत एकाने तसं सुचवलेलं नाही. पण मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "नॉट येट."

तुमचेच शब्द. फक्त इंग्रजीत.

लॅपटॉपवाल्याने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. "दॅट्स व्हेरी फेअर ऑफ यू," म्हणाला. कोच नुसती बघत राहिली, आईने शालीकडे पाहावं तशी. मग म्हणाली, "ठीक. उद्या सहाला लिस्ट लावते."

क्लबातून बाहेर आलो तर कामठीवाली गाडी सुरू करून थांबलेली. रस्त्यात काही विचारलं नाही. निवडीचं विचारायचं नसतं हे तिला कळतं. उलट माझ्यासाठी हीटर वाढवला. "पाय गार पडले असतील न काका?" मी म्हणालो, हो. तेवढंच खरं बोललो.

आता साडेपाच होऊन गेलेत. कोचला सांगायला सकाळपासून तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. तुमच्याविषयीचा तिरस्कार मी इतकी वर्षं जपून आणला, बोटीत, विमानात, तीन घरांत, आणि कालच्या एका वाक्यात तो निम्मा माझ्या वाट्याला आला. तरी तुमचा अर्धा मी सोडणार नाही. एक कबुली मात्र द्यायला हवी, इथेच देतो, हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून. "व्हेरी फेअर" ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. खांद्यावर काहीतरी उबदार पडल्यासारखं. आज गुरुवार, ती डबा घेऊन येईल, आणि त्या उबेसकट मी वडी खाईन की काय, या विचाराने…

बेल वाजली. तीच असणार. पण दाराच्या जाड काचेतून दिसणारा आकार उंच आहे, केस पिवळे. दारातल्या पत्रपेटीची झडप वर झाली आणि फटीतून आवाज आला. सॉलिसिटर. माझं घर तिला कोणी दाखवलं कोण जाणे. "कोचने फोन करून सांगितलं, मी खेळणार, आणि तू काय म्हणालास तेही. काल मला तिलाच अडवायला ठेवलं होतं. एकदाही जमलं नाही. तू बाहेर उभा राहून बघत होतास, ती थांबली की डोळे मिटून हसत होतास, मी पाहिलंय. मग 'नॉट येट' कसं म्हणालास? दार उघड आणि माझ्या तोंडावर सांग."

तेव्हा माझ्या शेजारच्या जागेवरून कोणी असं आपल्या घरी आलं नव्हतं, अण्णा. आलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, मला माहीत नाही.

सहाला लिस्ट लागायला वीस मिनिटं आहेत. फोन हातात घेऊनच दार उघडतो.