खर्जाच्या तारेचं शेपूट

ला ब्रांद, सोमवार, धुकं

मेहुणे उर्सिन यांस, तुमच्या भावोजींचा, म्हणजे फुल्जांसचा, नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. तुमचे गुडघे कसे आहेत, बूर्ज शहराची हवा मानवते का, लेक वेळेवर सूप देते का, हे सोलांजने विचारायला सांगितलंय म्हणून विचारतो. मला स्वतःला तुमच्या गुडघ्यांशी काही देणंघेणं नाही. भर जत्रेत चारचौघांत माझ्या या चाक फिरवून वाजवायच्या व्हिएलला बेसूर म्हणून, आपली बॅगपाइप काखोटीला मारून जो माणूस तडक लेकीकडे राहायला जातो, त्याच्या गुडघ्यांत भरपूर जोर असला पाहिजे.

पत्राला कारण तारांचं. झेलीचं (माझी नात, तुम्हालाही ती नातच लागते, विसरला नसाल) लग्न ठरलं. घरापासून चर्चपर्यंत वरातीपुढे वाजवत चालायचं ते आपण दोघांनी, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आता ती म्हणते, एकटी व्हिएल गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा ऐकू जात नाही, बॅगपाइप सोबत नसेल तर ती ॲकॉर्डियनवाला बोलावणार. आपल्या घरच्या वरातीपुढे ॲकॉर्डियन. मी म्हटलं, बघच तू, आणि नव्या तारा चढवायला घेतल्या. आजवर तुमची बॅगपाइप देईल तो सूर मी मुकाट धरायचा, कारण तिला पिळायला खुंट्या नाहीत आणि तिच्या मालकाला कुणाचं ऐकायची सवय नाही. आता मी मोकळा. बाजारातून आतड्याच्या तारांची जुडीच आणली. आधी बारीक तारा लावून सूर चढवला, तर बरणीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज. मग खर्जाला चांगली जाडजूड तार लावली, तर गोठ्यातून रूसेत (गाय, तुम्हाला लाथ मारली होती तीच) हंबरून साथ देऊ लागली. खोटं कशाला बोलू, ती सुरात होती.

दुसऱ्या दिवशी आवाजच गेला. हँडल फिरवतोय, तारांवर घासणारं चाक फिरतंय, तारा गप्प. मी तारा बदलल्या. चाकाशी घासतात तिथला त्यांच्यावरचा कापूस सोडून नवा गुंडाळला, आधी पातळ, मग जाड, शेवटी तर तारांनी मफलर घातल्यासारखं दिसायला लागलं. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. संध्याकाळी सोलांज म्हणाली, “चाक किती मळलं होतं हो. कपाटाचं मेण लावून लख्ख पुसून ठेवलंय.” आता बोला. व्हिएलवाल्याच्या घरात जन्म काढलेली बाई, तुमची सख्खी बहीण, आणि चाकाला मेण, म्हणजे तारांवरून ते नुसतं घसरणारच. त्यावर मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मेण खरवडून, पुसून, नव्याने राळ लावण्यात पुढचे दिवस गेले.

काल दुपारी धुकं इतकं उतरलं की समोरचं अक्रोडाचं झाडही दिसेना. चुलीवर चेस्टनट भाजत टाकले होते. मधल्या जाडीची खर्जाची तार लावली आणि हँडल फिरवत खिडकीशी बसलो. खर्ज लागला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हात आपोआप फिरतो, डोळे मिटतात. मला नदीकाठची वाट दिसत होती, कुणाचं तरी लग्न वाजवून आपण पहाटे परत निघालोय, लाकडी बूट हातात, गवत ओलं, आणि मागून कुणीतरी अजून नाचतच येतंय. मधूनमधून खुंटी पिळत होतो, पण कुठला सूर शोधतोय याचा विचारच नव्हता. मग जुन्या सवयीच्या जागी खर्ज असा बसला की खिडकीची काच गुणगुणायला लागली. आत ताटल्यांचा आवाज थांबला. सोलांज ओल्या हातांनी दारात आली आणि माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत म्हणाली, “उर्सिन आला का?”

मी नाही म्हटलं. ती हात पुसत आत गेली. चेस्टनट करपले होते, ते आम्ही तसेच खाल्ले.

असो. तारा लागल्या, एवढंच कळवायचं होतं. लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
फुल्जांस

ता. क. लग्न पुढल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. आमंत्रण रीतसर येईलच. मी आग्रह करतोय असा समज करून घेऊ नका.

आणखी एक ता. क. तारांची जास्तीची टोकं अजून कापलेली नाहीत. तुझ्या बॅगपाइपशी लावून बघितल्याशिवाय कशी कापू? खुंट्यांवरून शेपटं लोंबताहेत, मांजर त्यांना झोंबतंय, आणि सोलांज सकाळपासून विचारतेय, कधी कापणार. मी तिला म्हटलं, “तुझा भाऊ आला की.” ये लवकर. सूर उतरलेला वाटला तर खुशाल सांग, पण घरात सांग, जत्रेत नको.